धारची लोखंडी लाट आणि गंगू तेलीण

'कहाँ राजा भोज और कहाँ गंगू तेली' ही म्हण हिंदी असली तरी आपल्या भागात ती सगळ्यांना पाठ आहे. मराठीत 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' ही तशाच अर्थाची म्हण असूनही लोकांना भोज आणि गंगूच अधिक आवडतात. थोर माणसाशी क्षुल्लक माणसाची तुलना कशी होणार, असा तिचा भाव. ही म्हण मी प्रथम ऐकली ती आठवीत असताना. माझ्या वडिलांचा तेलाचा घाणा आहे. पेठेतली मराठी माणसे आम्हाला तेली म्हणतात, कन्नड माणसे गाणिग म्हणतात. वक्तृत्वस्पर्धेसाठी मी नाव दिले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ही म्हण मोठ्याने म्हटली. सारा वर्ग हसला. मीही हसले. न हसून करणार काय?

ती म्हण मी विसरून गेले होते. गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा भेटली, आणि तीही तिच्या माहेरी, म्हणजे धारमध्ये. आमच्या शेजारच्या शेठाणीकाकू दरवर्षी पौष शुद्ध सप्तमीला मोहनखेड्याच्या यात्रेला जातात. धार जिल्ह्यातील राजगढजवळचे हे जैन तीर्थ. सात खंडांचा 'अभिधान राजेंद्र' हा प्राकृत-संस्कृत कोश रचणारे आचार्य राजेंद्रसूरी १९०६ साली राजगढला निवर्तले. त्यांची समाधी मोहनखेड्याला आहे. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून सोबतीला या खेपेस त्यांनी मला नेले. परतीच्या वाटेवर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर धार लागते. तिथे अर्धा दिवस मोकळा मिळाला. काकूंच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आम्हाला लाट मशीद दाखवली आणि आवारातील चौथऱ्यावर आडव्या ठेवलेल्या लोखंडाच्या तीन अजस्र तुकड्यांकडे बोट करून ते म्हणाले, "ही गंगू तेलिणीच्या तराजूची दांडी!"

मी एकदम गप्प झाले. काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि माझा हात धरून म्हणाल्या, "चल बेटा, उन्हं तापली." पण मला तिथून हलायचे नव्हते. ही लाट काय आहे, कोणी उभारली, आणि आमची तेलीण तिच्याशी कशी जोडली गेली, हे शोधायचे मी तिथेच ठरवले. परत आल्यावर जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

आधी वस्तू पाहू, तर्क मागाहून. तुकडे तीन आहेत. सर्वांत मोठा २४ फूट ३ इंच, दुसरा ११ फूट ७ इंच आणि तिसरा ७ फूट ६ इंच. बेरीज केली तर ४३ फूट ४ इंच, म्हणजे सुमारे १३.२ मीटर भरते. वजन अंदाजे ७,३०० किलो. दिल्लीला कुतुबमिनारजवळ जो प्रसिद्ध लोहस्तंभ आहे, त्याची लांबी सुमारे ७.२ मीटर आणि वजन सहा टनांहून अधिक. आपल्या कर्नाटकात कोडचाद्रीच्या डोंगरावर मूकांबिकेच्या देवळासमोर लोखंडी ध्वजस्तंभ आहे, तोही दहा मीटरच्या आसपास. लांबीत धारची लाट या दोघांनाही मागे टाकते. खालचा भाग चौकोनी, वरचा अठकोनी आणि अगदी टोकाजवळ थोडा गोल अशी तिची घडण आहे. अंगावर ठिकठिकाणी लहान भोके आहेत. ती ओतीव नाही. तापवलेल्या लोखंडाचे गोळे एकाला एक ठोकून जोडत जोडत ती घडवलेली आहे. लोहारकामातील हे एक मोठे आश्चर्य मानावे लागेल.

लाट कोणी उभारली हे सांगणारा लेख मात्र तिच्यावर नाही. आहे तो अकबराचा फारसी लेख. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनच्या स्वारीवर जाताना त्याचा इथे मुक्काम पडला, त्याची ती आठवण. दुसऱ्याच्या जुन्या वहीवर आपले नाव टाकण्यातला हा प्रकार झाला. मूळ मालकाची सही नसल्यामुळेच तर्कांना मोकळे रान मिळाले.

पुढचा इतिहास बराचसा पक्का आहे. माळव्याच्या सुलतानशाहीचा संस्थापक दिलावरखान घोरी याने १४०५ साली इथे मशीद बांधली. जवळच्या या लाटेवरूनच ती लाट मशीद म्हणून ओळखली जाऊ लागली. १५३१ साली गुजरातच्या बहादुरशहाने माळवा जिंकला. १६१७ साली मांडूला आलेल्या जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की गुजरातच्या सुलतानाला हा खांब आपल्या मुलखात न्यायचा होता, पण उतरवताना निष्काळजीपणा झाला आणि तो पडून त्याचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा आग्र्याला नेऊन वडिलांच्या, म्हणजे अकबराच्या, कबरीच्या आवारात उभा करावा आणि रात्री त्यावर दिवा लावावा, असा हुकूम जहांगीरने दिला होता. हुकूम कागदावरच राहिला. लाट धारमध्येच आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जहांगीर दोन तुकडे म्हणतो, आज तीन आहेत. म्हणजे लाट एकदाच मोडली नसावी. काहींच्या मते मशीद बांधली त्या सुमारास ती आधीच एकदा मोडलेली होती आणि बहादुरशहाच्या माणसांच्या हातून दुसऱ्यांदा मोडली. शिल्लक जुळली नाही की मधली एखादी नोंद गळाली आहे असे आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवतात. इथेही तसेच दिसते.

आता तर्कांकडे वळू.

पहिला तर्क, लाट गुप्तकाळातील असावी. दिल्लीचा स्तंभ गुप्तकाळातला, मग त्याचे हे भावंडही त्याच काळचे, असा हा विचार. पण दोन वस्तू एका धातूच्या आहेत एवढ्यावरून त्या एका काळच्या ठरत नाहीत. माझ्या वडिलांचा लाकडी घाणा आणि शेजारच्या सुताराने काल केलेला पाट दोन्ही बाभळीचेच आहेत.

दुसरा तर्क अर्जुनवर्म्याचा. हा परमार राजा तेराव्या शतकाच्या आरंभी धारला राज्य करत होता. १९०३ साली धार संस्थानातील शिक्षणखात्याचे अधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांना धारमध्येच एक शिलालेख सापडला. त्यावर राजगुरू मदन याने रचलेल्या 'पारिजातमंजरी' नाटिकेचे पहिले दोन अंक कोरलेले आहेत. अर्जुनवर्म्याने गुजरातच्या जयसिंहाचा पराभव केला, या विजयाभोवती ती गुंफलेली आहे. शत्रूची जिंकलेली शस्त्रे वितळवून त्या लोखंडाची ही विजयाची लाट घडवली, असे या मताचे म्हणणे. कल्पना मोठी देखणी आहे. विजयाला पुरावा आहे. मात्र शस्त्रांची लाट केली याची पावती कुठे नाही.

तिसरा तर्क भोजाचा, आणि आज सर्वांत मान्य तोच आहे. भोजाचा काळ साधारण १०१० ते १०५५. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्राचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या लाटेचा बारकाईने अभ्यास करून २००२ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीही लाट भोजकाळाशी जोडली. लोखंडात फॉस्फरस अधिक असल्यामुळे पृष्ठावर एक रक्षक थर तयार होतो आणि गंज रोखला जातो, हे दिल्लीच्या स्तंभाविषयी त्यांचे प्रसिद्ध स्पष्टीकरण आहे. धारच्या लाटेलाही ते लागू पडते. भोज विद्वान होता, वास्तुशास्त्रावरील 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे, धार ही त्याची राजधानी होती, आणि स्थानिक परंपराही त्याचेच नाव घेते. एवढ्या गोष्टी एका बाजूला येतात म्हणून पारडे तिकडे झुकते.

लाटेच्या टोकावर काय होते, यावरही मतभेद आहेत. भोज शिवभक्त, म्हणून कोणी त्रिशूळ म्हणतात. परमारांच्या ताम्रपटांवर गरुडाची मुद्रा असते, म्हणून गरुडही संभवतो. अंगावरच्या भोकांविषयीही असेच. घडवताना एवढे तापलेले धूड फिरवण्यासाठी पहारी अडकवायला ती ठेवली असावीत, असे एक मत. उभी झाल्यावर तिच्यावर काही बसवण्यासाठी ती होती, असे दुसरे. पण ती एका मापाने, एका ओळीत नाहीत. शोभेची वस्तू बसवायची असती तर माप सारखे ठेवले असते. म्हणून मला पहिले मत पटते.

असाच वाद इजिप्तमधील एका नावेविषयी आहे. १९५४ साली गिझाच्या मोठ्या पिरॅमिडशेजारी, दगडी झाकणांखालच्या खड्ड्यात खुफू राजाची देवदाराची नाव सुटी करून ठेवलेली सापडली. तुकडे १,२२४. अहमद यूसुफ नावाच्या कारागिराने कित्येक वर्षे खपून ती पुन्हा जुळवली. लांबी सुमारे ४३ मीटर. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून दोरांनी शिवलेल्या. २०२१ साली ती नव्या मोठ्या संग्रहालयात हलवण्यात आली. ती कशासाठी होती? मृत राजाने सूर्यदेवाबरोबर आकाशातून फिरावे म्हणून केलेली सूर्यनौका, असे एक मत. राजाचे शव नाईल नदीतून आणणारी अंत्ययात्रेची नाव, असे दुसरे. राजाने जिवंतपणी तीर्थयात्रेला वापरलेली, असे तिसरे. दोर भिजून आवळल्याच्या खुणा लाकडावर दिसतात, म्हणून ती पाण्यात उतरली असावी असे काहींना वाटते. तिथे दोरांचे वळ, इथे भोके. लेख नसला म्हणजे वस्तूच्या अंगावरच्या खुणांनाच साक्षीला बोलवावे लागते.

आणि एक गंमत पाहा. नाव ४३ मीटर आणि लाट ४३ फूट! आकडा तोच. म्हणून इजिप्तच्या सुतारांचा आणि धारच्या लोहारांचा संबंध होता, असे कोणी म्हटले तर आपण हसू. हा योगायोग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

आता गंगू. धारच्या लोककथेत ती गंगी किंवा गंगली तेलीण आहे, राक्षसीसारखी धिप्पाड. लाट ही तिच्या तराजूची दांडी आणि जवळचे प्रचंड दगड ही तिची वजने. नालछ्याजवळ तेलीण टेकडी आहे, ती म्हणे तिने पायताण झटकले त्या धुळीची झाली. तेलीण गेली पण लाट तिच्या नावावर राहिली.

काही अभ्यासकांनी या कथेचा उलगडा असा केला, की गंगू तेली हा कोणी तेली नव्हताच. 'गंगू' म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि 'तेली' म्हणजे तेलंगणाचा स्वामी, कल्याणीचा चालुक्य राजा. भोजाने या दोघांना हरवले आणि विजयाची लाट उभारली. गांगेय-तेलंगांची लाट ती लोकांच्या तोंडी गंगली तेलिणीची लाट झाली. म्हणजे म्हणीतली तुलना गरीब तेल्याशी नसून हरलेल्या दोन राजांशी आहे.

हे वाचले त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. आठवीतल्या त्या मागच्या बाकाला उत्तर सापडले होते. दुसऱ्या दिवशी मी ते आमच्या वर्गातील कन्नड मैत्रिणीला सांगितले. तीही खूश झाली, पण लगेच म्हणाली, "कल्याणीचे राजे आमचे. ते हरले असं कोण म्हणतं?" तिच्या या प्रश्नाने मला पुन्हा ग्रंथालयात धाडले.

कल्याणी म्हणजे आताचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तिथल्या चालुक्यांत तैलप दुसरा याने भोजाचा काका मुंज याला कैद करून ठार केले, हे प्रसिद्ध आहे. 'तेली' म्हणजे हाच तैलप, असेही कोणी म्हणतात. पण तैलप ९९७ च्या सुमारास वारला. भोज गादीवर आला तो त्यानंतर. तेव्हा भोजाने हरवलेला चालुक्य असेल तर तो जयसिंह दुसराच असायला हवा. त्या दोघांचे युद्ध झाले हे खरे. भोजाचे १०२० सालचे बांसवाडा आणि बेटमा येथील ताम्रपट कोकण जिंकल्याचा उत्सव सांगतात. उदयपूरच्या प्रशस्तीत त्याने जिंकलेल्यांमध्ये चेदीचा राजा आणि कर्नाटही आहेत. पण शिवमोग्गा जिल्ह्यातील बळ्ळिगावेचा १०१९ चा कन्नड शिलालेख भोजरूपी कमळाला मिटवणारा चंद्र म्हणून जयसिंहाचा गौरव करतो. दोन्ही वह्यांत नफाच लिहिलेला आहे.

आणखी महत्त्वाचा लेख हावेरी जिल्ह्यातील कुळेनूरचा, १०२८ चा. त्यात जयसिंहाने चोळ, गांगेय आणि भोजराज यांच्या गजदळांना पळवून लावल्याचे म्हटले आहे. म्हणजे त्या वेळी गांगेय आणि भोज एका बाजूला होते आणि कन्नड राजा दुसऱ्या बाजूला! ज्यांना एका म्हणीत भोजाचे दोन शत्रू म्हणून बसवले, त्यांतला एक त्याचा दोस्त निघाला. पुढे त्यांचे बिनसले असेल, राजांचे बिनसतेच. परंतु दोघांवरील विजयाची एकच लाट ही गोष्ट आता तितकी सरळ राहत नाही. शेवटी जयसिंहाचा मुलगा सोमेश्वर याने धारवर चाल करून ती लुटली. बिल्हणाच्या काव्यात आणि कलबुर्गी जिल्ह्यातील नागावीच्या १०५८ च्या शिलालेखात त्याचा उल्लेख आहे. विजयाची लाट जिथे उभी असेल, तिथेच हरलेल्याचा मुलगा जिंकून गेला.

मग उरतो तो फक्त नावांचा सारखेपणा, गांगेय आणि गंगू, तेलंग आणि तेली. मघाचे ४३ मीटर आणि ४३ फूट आठवा. नावे आणि आकडे जुळतात, पण जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय भोज आणि गंगूची जोडी धारपुरती नाही. कोल्हापूरजवळ पन्हाळ्यावरही गंगू तेलिणीचे स्थान दाखवतात. गडाचे बांधकाम टिकेना म्हणून तिचा बळी दिला, अशी तिथली कथा आहे, आणि तिथला राजा भोज म्हणजे बाराव्या शतकातील शिलाहार भोज. तिथे ना गांगेय, ना तेलंग, ना लाट. राजे बदलले, तेलीण तीच राहिली. म्हणजे ती दोन राजांच्या नावांतून जन्मलेली नसावी. मोठ्या राजाच्या शेजारी उभे करायला लोकांना एक लहान माणूस हवा असतो, तो त्यांनी आमच्या घरातून घेतला असावा.

हे लिहिताना मला वाईट वाटले, हे कबूल करते. तो तर्क खरा ठरावा अशी माझी फार इच्छा होती. पण विचार करता असे वाटले, की गंगू तेली प्रत्यक्षात राजा होता म्हणून त्याची थट्टा करू नये, असे म्हणणे म्हणजे तेल्याची थट्टा चालेल असे मान्य करणेच आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे तेलीच होते. त्यांना थोर ठरवायला कोणा राजाचे नाव उसने आणावे लागत नाही.

राहिली तराजूची कथा. लाटेचा फोटो मी घरी वडिलांना दाखवला. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण तीस वर्षे काटा धरलेले. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "दांडी नव्हे ही. दांडी दोन्ही टोकांना सारखी लागते. ही इकडे चौकोनी, तिकडे अठकोनी. आणि मधोमध टांगायचा कान कुठाय? असल्या दांडीनं तेल विकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार नाही." एवढ्या विद्वानांचे वाचून मला जे सुचले नव्हते, ते त्यांनी एका मिनिटात सांगितले.

मग त्यांनी विचारले, "पण ती तेलीण खोटं वजन वापरायची, असं कोणी म्हणतं का?"

मी म्हटले, "नाही आप्पा. तसं कुठंच नाही."

"मग झालं तर," असे म्हणून त्यांनी फोटो परत दिला आणि ते घाण्याकडे गेले.

लाट भोजाची असावी, असे आजच्या माहितीवरून मला वाटते. उद्या एखादा शिलालेख निघाला तर मत बदलावे लागेल आणि ते मी बदलेन. म्हणीपुरते मात्र माझे ठरले आहे. यापुढे कोणी ती माझ्यासमोर म्हटली तर मी हसणार नाही. त्याला बसवून घेईन आणि कुळेनूरच्या शिलालेखापासून आप्पांच्या तराजूपर्यंत सारे सांगेन.